दारातलं स्टूल

चाचांना माणसं आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी डोळे पुसायला नकोत. खडूस होते, तोंडाचे तिखट होते, आणि मे महिन्यात स्वेटर घालून फिरायचे.

कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी चहा करायची आणि ऑफिस झाडायची. शिक्षण चौथी. माहेर वडगाव रासाई, सासर भांडगाव. कंपनीची गाडी फाट्यावरून घ्यायची आणि फाट्यावर सोडायची. चाचा दौंडचे, मुसलमान, तीन पिढ्या तिथंच. ते सिक्स सीटरनं यायचे, ड्रायव्हरशेजारी बसायचे आणि दौंडपासून कुरकुंभपर्यंत त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगायचे. दोन ड्रायव्हरांनी त्यांना घेणं बंद केलं होतं.

त्यांचं काम कॉम्प्युटर सांभाळण्याचं. ऑफिसातले छोटे कॉम्प्युटर नव्हेत, तर आतल्या थंड खोलीतला मोठा, ज्याला सगळे सर्व्हर म्हणायचे. त्या खोलीत एवढा गारवा असायचा की स्वेटर लागायचाच. पण बाहेर आल्यावर तो काढावा हे त्यांना कधी पटलं नाही. "काढ-घाल करन्यात आयुष्य जातंय," म्हणायचे. त्यांना साहेब म्हटलेलं चालायचं नाही. "सायब सही करतो. मी काम करतो." म्हणून मग सगळी कंपनी चाचा म्हणायची.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी मावशी म्हणून हाक मारली. मी म्हणाले, "तुमच्या डोस्क्यावर माझ्यापेक्षा जास्त पांढरं हाय. मावशी कुनाला म्हणता?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाले, "बरूबर. आक्का." तेवढ्यावर आमचं जमलं. जमलं म्हणजे काय, ते माझ्यावर ओरडायचे आणि मी त्यांच्यावर.

भांडण चहावरून व्हायचं. थंड खोलीत चहा न्यायला बंदी, बंदी घालणारे तेच. मग चहा प्यायचा कुठं? दारात. घरून आणलेलं एक लाकडी स्टूल त्यांनी दाराशी ठेवलं होतं, सिक्स सीटरच्या टपावरून आणलेलं. त्यावर बसून, एक पाय खोलीत आणि एक पाय बाहेर ठेवून ते बशीतून चहा प्यायचे. दार अर्धं उघडं, गारवा बाहेर जातोय. मी म्हणायची, "चाचा, दार लावा, न्हाईतर पुरते बाहेर या." ते म्हणायचे, "मशीनकडं पाठ करून मी चहा पीत न्हाई."

दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. सगळ्या प्लांटमध्ये हार, हळद-कुंकू, नारळ. चाचांच्या खोलीशी पूजेचं ताट घेऊन मॅनेजरसाहेब आले की चाचा दारात उभे. हार दाराला घालायचा, मशीनला नाही. हळद-कुंकू उंबऱ्याला, कारण आत पंखे आहेत आणि पंखे सगळं ओढून घेतात. नारळ व्हरांड्यात फोडायचा, पाण्याचा थेंब आत नको. एवढे सगळे नियम सांगून झाले की खोबऱ्याचा पहिला तुकडा तेच उचलायचे. एका वर्षी कुणीतरी कुजबुजलं, यांना आपल्या पूजेचं काय. चाचांनी ऐकलं. "पूजेचं काय न्हाई," म्हणाले, "पंख्याचं हाय. पंखा हिंदू का मुसलमान ते तूच तपासून सांग, मी थांबतो." त्यानंतर कुणी कुजबुजलं नाही. खोबरं मात्र ते जास्तच खायला लागले.

त्यांच्या कॉम्प्युटरला माउस नव्हता. होता, पण तो कपाटात कुलूप लावून ठेवलेला. समोर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. ऑफिसातल्या पोरींच्या कॉम्प्युटरवर फुलं, डोंगर, देवांचे फोटो असायचे. मी विचारलं, तुमच्याच पडद्यावर असा अंधार का?

"ह्याला लिनक्स म्हणत्यात," ते म्हणाले. "ह्याला चित्र लागत न्हाई. चित्र बघनाऱ्याला लागतं."

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट वेगळाच होता. कुणी येऊन म्हणालं, चाचा, कॉम्प्युटर बंद पडला, की त्यांचं डोकं फिरायचं. "बंद पडला म्हणू नका. शेवटचं काय बोलला ते सांगा." समोरचा म्हणायचा, काय बोलणार, बंद पडला. मग चाचा त्याला परत पाठवायचे. "जा. वाचून ये. मग बोलू." बाकी सगळ्या जगात कॉम्प्युटर अडला की बंद करून परत चालू करतात. हे माणूस त्याला शिवी समजायचं. मशीनशी मात्र लाडानं, आणि हिंदीत बोलायचे. "बोल बेटा. आखिर में क्या हुआ, बोल."

मी एकदा त्यांना सांगितलं की आमचे मामंजी मेंढरांचं असंच करायचे. कळपात एखादं मेंढरू बसलं की पोरं त्याला काठीनं उठवायला धावायची. मामंजी काठी हिसकावून घ्यायचे. आधी काल कुठं चरलं ते आठवा, तोंड उघडून दाढेत काय अडकलंय ते बघा, मग उठवा. चाचांनी बशी खाली ठेवली. "सासरा हाय का तुमचा?" मी म्हणाले, वारले. "वारले का," म्हणाले, "त्यांना नोकरीला घेतलं असतं." माझ्या सासरच्या माणसाचं एवढं कौतुक कंपनीत दुसऱ्या कुणी केलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला एक अक्षर दाखवलं. मशीन अडलं की पडद्यावर अक्षरांचा लोंढा वाहतो. त्यातली बहुतेक बडबड असते. ज्या ओळीच्या आधी इंग्रजी ई कंसात दोनदा येतो, तीच ओळ चुकीची. मला इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, "फणी बघा. तीन दाताची फणी. दोन फण्या शेजारी दिसल्या, की तिथं दुखतंय." तेवढं एक अक्षर मला आलं. पुढचं ना त्यांनी शिकवलं, ना मी विचारलं.

आता त्या सर्व्हरच्या खोक्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

खोकं एक होतं, पण आत तीन कॉम्प्युटर राहत होते. मला हे पटायचंच नाही. "एका घरात तीन चुली," चाचा म्हणाले. "भावाभावांनी वेगळं केलं, पर छप्पर एक. एकीवर भात करपला तर दुसरीला पत्ता नसतो. ह्याला व्हर्च्युअल म्हणत्यात. म्हंजी हाय, पर हात लावून दाखवता येत न्हाई." एका चुलीवर स्टोअरचा हिशोब. दुसरीवर रिअ‍ॅक्टरची मापं. तिसरी नवी, तिच्यावर मॅनेजरसाहेबांना हवं असलेलं प्लांटचं रंगीत चित्र.

रिअ‍ॅक्टर म्हणजे प्लांटमधलं मोठं बंद भांडं. त्यात माल शिजतो; एका वेळच्या मालाला बॅच म्हणायचे, आणि शिजून झाला की बॅच उतरली. तो किती तापलाय ते क्षणोक्षणी बघावं लागतं. जास्त तापला तर भांडं दाब धरतं. पूर्वी ते बघायला माणसाला शिडी चढून भांड्याशेजारी उभं राहावं लागायचं, तबकडीला डोळा लावून. त्या जागी एका बिहारी माणसाचा चेहरा भाजला. जगला तो, पण त्याच्याकडं बघवत नव्हतं. त्यानंतर कंपनीनं ती मापं तारेनं त्या खोक्यात आणली, आणि तिथून काचेच्या खोलीतल्या पडद्यावर. माणसं काचेमागं बसून बघायला लागली. शिडी चढायची गरज उरली नाही. खोकं चालू असेपर्यंत.

माझा थोरला, सोपान, त्याच रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता.

परदेशातली गिऱ्हाइकं कंपनी बघायला येणार होती. मॅनेजरसाहेबांना सभेच्या खोलीत मोठ्या पडद्यावर रंगीत चित्र दाखवायचं होतं: निळ्या टाक्या, हिरवे पाइप, लाल आकडे. त्यासाठी पुण्याहून एक इंजिनियर आणला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्यात कार्ड, कानाला मोबाईल. त्यानं आदल्या दिवशी ते चित्र बसवलं आणि चाचांना सांगितलं, "हे तुम्हाला जमलं नसतं, चाचा." चाचा म्हणाले, "खरं हाय. माझ्या हातून एवढा रंग सांडला नसता."

सकाळी पाहुणे यायच्या आधी चित्र लावलं. चाचांच्या खोलीतला पडदा काळा झाला, एकदा लखकन चमकला, परत काळा. परत चमकला, परत काळा. असं दोन-चारदा झालं आणि मग पांढऱ्या अक्षरांचा लोंढा येऊन थांबला. मॅनेजरसाहेब सभेच्या खोलीतून धावत आले. मी चहाची किटली घेऊन व्हरांड्यात होते.

इंजिनियर म्हणाला, "अख्खं मशीन रिस्टार्ट करू. सगळं बंद, सगळं चालू. दहा मिनिटांत चित्र येईल."

"अख्खं म्हंजी तिन्ही चुली?" चाचांनी विचारलं.

"पूर्ण सर्व्हर."

"बॅच गरम हाय." चाचा म्हणाले. "मापं जातील."

मॅनेजरसाहेब म्हणाले, "दहा मिनिटं वर जाऊन बघतील माणसं. पूर्वी बघतच होती की."

मी किटली खाली ठेवली. वर म्हणजे शिडीवर. माणसं म्हणजे सोपान. मला कुणी नाव घेऊन सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

चाचा दाराकडं वळले. त्यांनी स्टूल उचललं, दाराच्या बरोबर मधे ठेवलं आणि त्यावर बसले. दोन्ही पाय आत, पाठ आमच्याकडं. आत हात घालून कीबोर्ड ओढला, त्याची तार ताणून मांडीवर घेतला. आता त्यांना उचलल्याशिवाय कुणाला आत जाता येत नव्हतं, आणि चाचा काही हलके नव्हते.

"चाचा, उठा."

"वाचतोय."

"नंतर वाचा. पाहुणे गेटवर आलेत."

"पाहुन्यांना चहा पाजा. बंद करायला एक बोट पुरतं. परत उठंल ह्याची जबाबदारी कोन घेतो? बोला. हाय कुनी?" त्यांनी मान वळवून इंजिनियरकडं बघितलं. "तू घेतोस? मग शिडीवर तू जा, आन् बटन मी दाबतो."

इंजिनियर मोबाईलकडं बघायला लागला.

मॅनेजरसाहेब माझ्याकडं वळले. "मावशी, तुमचं ऐकतात ते. त्यांना जरा बाजूला घ्या, चहा द्या."

"चहा देते," मी म्हणाले. "बाजूला घेत न्हाई."

"तुम्हाला काय घेणं आहे यात?"

"वर माझा पोरगा हाय."

ते गप्प झाले, पण ऐकलं असं मला वाटलं नाही. साहेब लोक गप्प होतात तेव्हा पुढचं काय बोलायचं ते ठरवत असतात. मी चाचांच्या शेजारी, दाराच्या उरलेल्या फटीत, किटली घेऊन उभी राहिले. माझी पाठ मशीनकडं, त्यांची आमच्याकडं. असे आम्ही दोघं. बाहेरून बघणाऱ्याला नाटकातलं सोंग वाटलं असेल.

आणि बघणारे आलेच. परदेशी पाहुणे व्हरांड्यातून पुढं निघाले. त्यातली एक उंच बाई थांबली, स्वेटरातल्या चाचांकडं आणि माझ्या किटलीकडं बघून काहीतरी विचारलं. मॅनेजरसाहेब हसत हसत घाईघाईनं बोलायला लागले. चाचा मान न वळवता मधेच इंग्रजीत एक वाक्य बोलले. बाई मान हलवून पुढं गेली. खूश झाली की रागावली, मला सांगता येणार नाही. मी चाचांना हळूच विचारलं, "काय बोलला?"

"खरं बोललो. बॅच गरम हाय, चित्र नंतर."

मग ते वाचत राहिले. मी तोंड फिरवून पडद्याकडं बघितलं. अक्षरं वर सरकत होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एका जागी दोन फण्या दिसल्या आणि मी म्हणाले, "ते बघा."

"दिसलं मला. आंधळा न्हाई मी." तेवढ्यातही ओरडायचं सोडलं नाही. मग पुटपुटले, "बोल बेटा. क्या ढूँढ रहा है?" आणि थोड्या वेळानं मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते एवढंच.

"ओ पुणेकर," त्यांनी हाक मारली. "सायबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरची फाइल हितं आनून टाकली का?"

इंजिनियर जवळ आला. साहेबांना केबिनमध्ये दिसतात तेच रंग हवे होते, म्हणून तिथल्या पडद्याच्या सेटिंगची फाइल उचलून यात ठेवली, असं तो म्हणाला. त्यात काय चुकलं?

"त्या फाइलीत सायबांच्या पडद्याचं नाव-गाव हाय, त्यांच्या कॉम्प्युटरच्या चित्र काढनाऱ्या कार्डाचं हाय. हा बिचारा उठतो, तो पडदा शोधतो, घावत न्हाई, पडतो. परत उठतो, परत शोधतो. ह्याच्या चुलीला सोताचा पडदाच न्हाई. ह्याला कुठलं कार्ड? हा व्हर्च्युअल हाय. दुसऱ्याच्या घरचा आरसा ह्याला कशाला दाखवला?"

त्यांनी फाइल पुसली नाही. ते कधीच काही पुसायचे नाहीत. तिचं नाव बदलून बाजूला ठेवली. मग नुसतं चित्र परत चालू केलं, बाकी कशाला हात लावला नाही. पडदा काळा झाला, आणि त्यातून निळ्या टाक्या वर आल्या.

तोवर पाहुणे सभेच्या खोलीत कोरा पडदा बघून, चहा पिऊन पुढं निघून गेले होते. चित्र आलं ते बघायला मॅनेजरसाहेब, इंजिनियर आणि मी. मला तर ते रंग भडक वाटले.

सोपान जेवायच्या सुट्टीत आला. बॅच उतरली होती. त्याला काहीच माहीत नव्हतं. काचेमागं बसून आकडे बघत होता, ते एकदाही थांबले नव्हते. म्हणाला, "आये, आज च्या लई उशिरा आला." मी त्याला काही सांगितलं नाही. चाचांना म्हणाले, "तुमच्यामुळं पोरगा शिडीवर गेला न्हाई." ते म्हणाले, "तुमच्या पोराला मी वळखत बी न्हाई. कुनी बी असता तरी बसलो असतो." मला ते बरं वाटलं. ओळखीवर बसणारा माणूस ओळख संपली की उठतो.

कंपनीनं चाचांकडून माफीचं पत्र मागितलं. पाहुण्यांसमोर कंपनीची शोभा केली म्हणून. चाचांनी विचारलं, "शोभा कशी झाली ते लिहू, का बॅच कशी ऱ्हायली ते लिहू?" दोन्ही नको, फक्त माफी लिहा, असं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं नाही. मी म्हणाले, "दोन ओळी लिहून टाका की. कागदच हाय." तर माझ्यावरच उसळले. "आज लिहिली, की उद्या बॅच गरम असताना मी उठनार, असं कागदावर दिलं मी. कळतंय का?" कळलं मला. पुन्हा लिहा म्हणाले नाही.

मग त्यांना काढलं. कुणी निरोप दिला नाही आणि त्यांना तो नकोही होता. स्वेटर अंगात, डबा हातात. माउसच्या कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या चहाच्या ताटात टाकली. मी म्हणाले, "स्टूल न्या तुमचं. घरचं हाय."

"टपावर चढवू देत न्हाई आता तो ड्रायव्हर," म्हणाले. "भांडान झालंय. ऱ्हाऊ द्या हितंच, दारात."

गेले. ते पुढं कुठं लागले, काय केलं, मला माहीत नाही. दौंडच्या बाजारात एकदा लांबून दिसले, काकडीवाल्याला काकडी कशी रचायची ते सांगत होते. मी हाक मारली नाही; काकडीवाल्याची सुटका झाली असती आणि माझी अडचण.

त्यांच्या जागी एक नवा आला. बोलायला गोड, मला मावशी म्हणायचा, खोलीत चहा प्यायचा. एके दिवशी ते रंगीत चित्र परत अडलं. काळं, लखलख, काळं. मॅनेजरसाहेबांचा फोन आला असावा, कारण तो "हो सर, लगेच सर, बंद करून चालू करतो सर" म्हणत उठला. मी व्हरांडा झाडत होते. झाडू भिंतीला टेकवला. स्टूल दाराच्या मधे ओढलं आणि बसले. दोन्ही पाय बाहेर, पाठ मशीनकडं. चाचांनी बघितलं असतं तर त्यावरूनही बोलले असते.

"मावशी, सरा. आत जायचंय."

"बॅच उतरली का?"

"काय?"

"काचेच्या खोलीत फोन करा. बॅच उतरली का इचारा. आन् तवर दोन फण्या कुठं हायत ते वाचा."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काय बी कळत न्हाई," मी म्हणाले. "म्हणून तर तुमच्यासारखी घाई न्हाई मला."

त्यानं फोन उचलला.